स्टँडासमोरची खोली

मित्रांनो, वडगाव रासाईला अनसाबाईंच्या फळीवर, पोटात मेथीचं बियाणं घेऊन बसलेला जुना कडीचा डबा आहे ना, तो मी. अंगावर लाल रंगानं 'स्नेहल' लिहिलं होतं. त्यातलं 'स्ने' तेवढं उरलंय. अनसाबाईंना तेवढंही पुरतं.

शिरूरच्या बाजारात त्यांनी मला पाणी भरून उलटं धरलं. थेंब गळला नाही, म्हणून मी घरात आलो. माणसांची अशी पारख झाली असती, तर पुष्कळ सोयरिकी मोडल्या असत्या!

अठ्ठ्याण्णव साली त्यांची स्नेहल रसायनशास्त्र शिकायला पुणे विद्यापीठात गेली. तिला आवारातल्या वसतिगृहात जागा मिळत होती. प्रयोगशाळा जवळ, ग्रंथालय जवळ. तिचा जीव तिथंच अडकला होता. पण आमच्याकडची रीत अशी, की शहरात शिकणाऱ्या लेकराला घरचा डबा एसटीनं धाडायचा आणि त्यानं तो स्टँडवर येऊन उतरवून घ्यायचा. म्हणून तिच्या वडिलांनी, आनंदरावांनी, बैल पारखावा तशी खोली पारखली. भिंत थापटली, नळ सोडून पाहिला आणि घरमालकिणीला विचारलं, "हितनं शिवाजीनगर स्टँड किती लांब?"

"हे काय समोर."

"मग ठरलं. पोरीला डब्याला लांब जायला नको."

स्नेहल हळूच म्हणाली, "आबा, पण कॉलेज..."

"कॉलेज कुठं पळून जातंय व्हय?"

वसतिगृहातली जागा दुसऱ्या मुलीला गेली.

माझे मात्र सुगीचे दिवस सुरू झाले. कंडक्टर बबनराव मला इंजिनाशेजारी उबेला बसवायचे. पोटात बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. बसमधल्या लोकांच्या नाका-डोळ्यांवरून मला माझी किंमत कळायची. रिकामं भांडं परत धाडायचं नाही, म्हणून स्नेहल माझ्यात बुचाची फुलं घालायची. अनसाबाई ती देवापुढं ठेवायच्या. ज्या आवारात राहायला लेक झुरत होती, तिथलीच ती फुलं होती, हे त्यांना कुठं ठाऊक?

एकदा मला मांडीवर घेऊन अनसाबाई स्वतःच बसमध्ये बसल्या. पुण्यात उतरतात तोच स्नेहल धापा टाकत आली. अंगात पांढरा कोट, बोटांवर पिवळे डाग.

"काय गं हा अवतार?"

"प्रॅक्टिकल चाललंय, आई. डबा घेते आन् पळते."

बबनराव म्हणाले, "रोजच अशी पळत येती, वहिनी. मी म्हनलं, पोरी, डबा जाऊंदे, अभ्यास बघ. तर म्हनती, आई सकाळी उठून करती, मामा."

अनसाबाईंनी मला छातीशी धरलं. त्यांचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं.

"डबा पोरीसाठी हाय का पोर डब्यासाठी?" एवढंच त्या बोलल्या. लेकीला म्हणाल्या, "जा, प्रॅक्टिकलला जा. डबा मी घिऊन बसते."

दिवाळीनंतर लग्न ठरल्यामुळं एका मुलीनं वसतिगृह सोडलं. या वेळी अर्ज भरायचा धोशा अनसाबाईंनीच लावला. आनंदराव कुरकुरले, "आन् जेवनाचं?" तर म्हणाल्या, "तिथं बाकीच्या पोरी काय वारा खाऊन र्‍हात्यात?"

मी शेवटचा पुण्याहून आलो, तेव्हा माझ्यात फुलं नव्हती, मेसची एक पोळी होती. लेक काय खाणार, ते आईला कळावं म्हणून. अनसाबाईंनी तुकडा तोंडात घातला. "कच्ची हाय," म्हणाल्या, जरा खुशीतच. मग तीच पोळी त्यांनी सगळी खाल्ली, डोळे पुसत.

तेव्हापासून मी फळीवर आहे. स्नेहल शिकली, मोठी झाली. माझं काम गेलं ते बरंच झालं; तरी पत्र्यालाही सवय लागते. सकाळची एसटी हॉर्न देते, तेव्हा अनसाबाईंचा हात फळीकडे येतो. मला खाली घेतात, कडी नीट बसते का ते पाहतात आणि परत ठेवतात.

मित्रांनो, माया करा, पण तिच्या सोयीसाठी कुणाला बांधून घालू नका. भरून आलेला डबा रिकामा धाडू नका. आणि तुमच्यापैकी कुणी पुण्याला निघालंच, तर बियाणं ताटात ओतून मला एकदा इंजिनाशेजारी बसवा. येताना बुचाची चार फुलं पुरेत.