आणखी कुठे मुलाखत दिलीत?

प्रयोगशाळेतलं माझं कंत्राट शुक्रवारी संपणार होतं. मला तिथे लावून देणाऱ्या एजन्सीच्या बाईंनी फोनवर सहज विचारलं, "आणखी कुठे मुलाखत दिलीत, मॅडम?"

मागच्या वेळी मी खरं सांगितलं, आणि त्या जागेवर त्यांनीच पाठवलेला दुसरा माणूस लागला. योगायोगही असेल, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. म्हणून या वेळी मी धाकट्या बहिणीच्या कंपनीचं नाव सांगितलं. तिथे जागाच नव्हती.

दुपारीच बहिणीचा फोन आला. "ताई, तुझ्या एजन्सीवाल्या आमच्या साहेबांच्या मागे लागल्यात. म्हणे, तुम्हाला तंत्रज्ञ हवाय ना, आमच्याकडे तिघं तयार आहेत!"

संध्याकाळी बाईंनी पुन्हा विचारलं, "अजून कुठे बोलणं चालू आहे का?"

खरी मुलाखत उद्या होती.

"छे हो," मी म्हटलं, "सगळी भिस्त तुमच्यावरच."