नंदीच्या उतारावरचं चाक

“आता जे सांगतोय ना, त्यावर ह्या हेब्बाळात एक माणूस विश्वास ठेवणार नाही. मीच ठेवला नसता. पण ते चाक सोताहून माझ्या दारात चालत आलं, आता काय करता!”

असं म्हणून पिराजीनं शंतनुचं पुढचं चाक स्टँडवर चढवलं आणि गरकन फिरवलं. चाक चांगलंच आउट होतं. डावीकडे लचकायचं, उजवीकडे मुरडायचं.

“काका, गोष्ट नंतर, प्लीज,” शंतनु म्हणाला. “उद्या पहाटे निघायचंय आम्हाला. चिकमगळूर, मग केम्मणगुंडी. चार दिवस नुसते घाट आहेत.”

“माहितीय की. गोष्टीला वेगळा वेळ लागत नाही शंतनुराव, ती हाताबरोबर चालते. बसा स्वल्प.”

तळ्याजवळच्या गल्लीतलं हे दुकान पिराजीनं चाळीस वर्षांपूर्वी, निपाणीहून आल्या आल्या टाकलं होतं. आउट काढायची त्याची रीत त्याची एकट्याची. उजव्या हातात चावी, डाव्या हाताच्या नखानं एकेक तार छेडायची आणि कान द्यायचा. ढिली तार भसाड्या गळ्यानं बोलते, आवळलेली किणकिणते. बत्तीसच्या बत्तीस तारा एका सुरात आल्या की चाक सरळ. तोवर पिराजीचं तोंड मोकळंच असायचं, म्हणून तो गोष्टी सांगायचा. गिऱ्हाइकाला ऐकावंच लागे. एक चाक स्टँडवर असताना माणूस उरलेल्या सायकलीवर बसून जाणार कुठं?

आजचं गिऱ्हाईक मात्र त्यानं दोन महिने मनात घोळवलं होतं.

मार्चमध्ये हा पुण्याचा शंतनु नंदीच्या डोंगराच्या उतारावर आपटला आणि त्याच संध्याकाळी त्यानं सायकलवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘पिराजीकाकांनी बसवलेलं चाक उतारावर निखळलं. वाचलो. काकांचे हात आता थरथरतात. सांभाळून राहा.’ ग्रुप चाळीस जणांचा. पुढच्या रविवारपासून पिराजीच्या दारात शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्याची सायकल तेवढी उभी राहू लागली. बाकी सगळी मंडळी कोरमंगलाच्या काचेच्या, चकचकीत सायकल-दुकानात. थरथरतात म्हणे! ज्या हातांनी चाळीस वर्षं गावाची चाकं सरळ केली, ते हात! तेव्हापासून रोज शटर वर करताना पिराजीनं शंतनुचं नाव घेतलं होतं, एखाद्या दिवशी देवाचं राहिलं असेल.

आणि उन्हाळ्याच्या गर्दीत काचेच्या दुकानानं पुढच्या आठवड्याची तारीख दिली, म्हणून आज स्वारी मान खाली घालून आली होती. एकटी नव्हे. ग्रुप चालवणारी सुखदा सोबत होती. मूळची नागपूरची, सरळ बोलणारी. तिचा शब्द ग्रुपमध्ये शेवटचा.

पिराजीनं रिंगेच्या काठावरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबला. काठ दोन्ही बाजूंनी चेमटला होता. निखळलेल्या चाकाला अशी खूण होत नाही. टायरमध्ये हवा कमी असताना माणूस उंचवट्यावर आदळला की रिंग असे ओठ काढते. म्हणजे पठ्ठ्या हवा न बघता सुटला होता आणि खापर म्हाताऱ्यावर!

हे सुखदाला सांगायला त्याची जीभ वळवळली. पण सांगून उपयोग काय? ज्या माणसानं अख्ख्या गल्लीला छातीठोक सांगितलं होतं, की आपण एकदा मगरीच्या पाठीवरून तळं ओलांडलं, त्याचं खरं कोण ऐकणार? खरं यायला हवं ते शंतनुच्या तोंडून. सुखदाच्या देखत.

क्षणभर दुसराही विचार आला. एक तार अर्धा फेरा ढिली ठेवली, तर केम्मणगुंडीच्या तिसऱ्या वळणावर हिशेब चुकता. चावी त्या तारेवर जाऊन टेकलीही. मग पिराजीनं ती उचलली. चाकानं काय त्याचं घोडं मारलं होतं? सूड माणसावर घ्यावा आणि तोही त्याला पुरता कळेल असा.

“तर,” त्यानं पहिली तार छेडली, “एक पुण्याचा पोरगा. नाव घेत नाही. नंदीवरून उतरत होता.”

शंतनुनं मोबाइलमधून डोकं वर काढलं.

“हां, मग?” बाकावरून कृष्णाजी म्हणाला. कृष्णाजी शेजारचा निवृत्त कंडक्टर. चहा आणि हुंकार ही त्याची दुकानातली दोन कामं.

“मग काय, पुढचं चाक निखळलं! ते काही थांबेना. उतार संपला, देवनहळ्ळी गेली, विमानतळाचा रस्ता लागला. चाक पुढं, गाड्या मागं. हेब्बाळच्या पुलाखाली लाल दिवा होता, तिथं मात्र गपकन उभं राहिलं. माझ्या हातचं चाक ते, सिग्नल मोडत नाही. हिरवा झाला, गल्लीत वळलं आणि ह्या शटरला टेकून खोकलं.”

“खोकलं?” सुखदा हसली. “काय सांगून राहिले काका!”

“धूळ केवढी रस्त्याला, अक्का. खोकणारच.”

टण्. टण्. चावी पाव फेरा. शंतनुही हसला, पण कडवट. “चालू द्या. मला टोमणा कळतोय.”

“तुम्हाला कशाला टोमणा? तुम्ही भले माणूस. मी त्या पोराचं सांगतोय. तो तिकडं एका चाकावर बोंबलत, ‘आई गं, आई गं!’ वळणावर माकडांची टोळी. म्होरक्यानं त्याचं हेल्मेट काढून आपल्या डोक्यावर चढवलं. पोरगं पाया पडलं माकडाच्या. ‘अण्णा, हेल्मेट राहू द्या तुम्हाला, मला खालपर्यंत सोडा.’”

“सोडलं का?” कृष्णाजीनं विचारलं.

“माकडाला दया आली. पण पोराची चड्डी ओली झालेली, म्हणून पाठीवर घेईना.”

कृष्णाजीला चहा नाकात गेला. सुखदा तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळली. शंतनुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो वाकून बुटाची नाडी आवळत बसला. पिराजी मनात चरफडला. आईच्या नावानं रडवलं, माकडाच्या पाया पाडलं, चड्डी भिजवली, तरी गडी तसाच! ह्याची दुखरी जागा आहे तरी कुठं? निम्म्या तारा सुरात आल्या होत्या. चाक सरळ झालं की पाखरू उडालं आणि उद्या पहाटे घाटात.

त्यानं हात मंद केला. तिरप्या नजरेनं पाहिलं, तर शंतनु पुन्हा मोबाइलमध्ये. पडद्यावर डोंगराचे उंचसखल आलेख आणि खाली ठळक आकडे. माणूस आरशात बघतो, तसा तो त्या आकड्यांकडे बघत होता.

पिराजीच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“पण कृष्णाजी, खरी गंमत तर त्याच्या आधीची. चाक निखळायच्या आधी हा पोरगा उतरत कसा होता, माहितीय? दोन्ही ब्रेक गच्च दाबून!”

“उतारावर?”

“उतारावर! मागून एक द्राक्षवाली म्हातारी चालत येत होती, डोक्यावर पाटी. ती म्हणाली, ‘स्वल्प बाजूला हो बाळा, मला उशीर होतोय.’ आणि गेली की पुढं!”

शंतनुचं बोट पडद्यावर थबकलं.

“किती स्पीड असंल रे तो?” कृष्णाजीनं विचारलं, आणि त्या घडीला पिराजीला तो सख्ख्या भावाहून जवळचा वाटला.

“आठ.”

“ताशी आठ?”

“ताशी आठ. ते पण वारा पाठीशी होता म्हणून. पुढच्या वळणावर तर उतरून सायकल हातात धरून—”

“खोटं!” शंतनु ताडकन उठला, बाक कृष्णाजीसकट हलला. “साफ खोटं! आठ? फिफ्टी टूनं येत होतो मी! हे बघ सुखदा, रेकॉर्ड आहे, वळणाच्या आधी बावन्न! ब्रेकला हात नव्हता लावला. तो स्पीडब्रेकर नसता ना, आणि टायरमध्ये हवा निम्मी नसती, तर खालपर्यंत बावन्ननंच आलो असतो! आणि हातात कशाला धरीन? पडल्यावरसुद्धा त्याच सायकलवर बसून घरी आलो मी! चाक कुठं निखळलं होतं? जागच्या जागी होतं चाक!”