बाटलीचा मेंदू

त्या दिवशी आमच्या शिवणदुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझे वडील, अण्णा, आडवे झाले होते, त्यांच्या कानात कापडाची पोकळ नळी उभी होती आणि तिचं वरचं टोक जळत होतं.

"मेंदूत घाण साठलीय! मी ती वर ओढतोय!" बुवा डोळे मिटून गरजला. मग नळी विझवून त्याने उभी कापली. आत पिवळट, चिकट गोळा. लोकांनी आ वासला, दादाने हात जोडले.

चाळीस वर्षं कोट शिवणाऱ्या अण्णांनी महिन्यापूर्वी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर, म्हणजे हळूहळू सगळं विसरायला लावणारा. बुवाने बरं करायचं वचन दिलं, आणि दादाला तेच हवं होतं. बुवाच्या हुकमाने औषध बंद झालं, अण्णा मागच्या खोलीत कोंडले गेले. घाण म्हणे दारातून परत शिरते! "अगं, मला का कोंडलंय?" ते आतून विचारायचे. कडी लावणारी मीच होते. पटत नव्हतं, तरी दादापुढे ब्र काढला नाही. याची मला आजही लाज वाटते.

बुवाने गोळा अण्णांपुढे नाचवला. अण्णांनी तो चिमटीत धरला, सदऱ्यात खोचलेल्या सुईतला दोरा सवयीने त्यावरून दोनदा ओढला. बटणाचा दोरा ते जन्मभर असाच पक्का करत आले होते.

"मेण चांगलंय. कुठून आणलंस?"

"आजार बोलतोय!" बुवा ओरडला.

मी दुसरी नळी उचलली, रिकाम्या बाटलीत उभी करून पेटवली आणि विझल्यावर कात्री दादाच्या हातात दिली. त्याने कापली. आत तसाच गोळा, नळीच्याच कापडातल्या मेणाचा.

"बाटलीला मेंदू कधी फुटला, बुवा?"

हशा पिकला आणि बुवाने काढता पाय घेतला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दादाला म्हणाल्या, "साठतं हे खरं. पण ते प्रथिन असतं, मेंदूतच तयार झालेलं. त्याचे बारीक पुंजके होतात. पेशी मरण्याच्या कितीतरी आधी, एक पेशी दुसरीला निरोप देते तिथेच ते अडथळा आणतात. पेशी जिवंत असते, निरोप मात्र पोचत नाही."

"मग काढायचं कसं?"

"कानातून तर नाहीच. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही. आहे त्याने थोडा आधार मिळतो. आणि त्यांना माणसांत ठेवा."

घरी येऊन दादाने कडी स्क्रूसकट उखडली. अण्णा यंत्रापाशी बसले.

"ही बाही कुठल्या हाताची गं?"

"डाव्या, अण्णा."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

कोणी घाण काढून दाखवली, तर आधी नळी बाटलीत पेटवून बघा. आजार माणसाला आतून कोंडतोच, बाहेरून कडी आपण लावू नये.