गौतमीच्या पोटातली बेटं

पौषातली सकाळ. पंचगंगेवर शुभ्र, संथ, साखरझोपेत पहुडलेलं धुकं. उसाच्या तुऱ्यांवर कोवळं, केशरकांती ऊन. आणि गुऱ्हाळातून उठलेला मधुगंधी धूर साऱ्या शिवारावर दरवळलेला. अशा गोडव्याच्या गावात उज्ज्वलाच्या नऊ वर्षांच्या लेकीशी, गौतमीशी, गोडानंच वैर मांडलं होतं.

दिवाळीत पोर वाळली, पाणी पिऊन पिऊन थकली. तेव्हा कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. जठरामागं स्वादुपिंड असतं, आणि त्यात पेशींची इवली इवली बेटं. पेशी एकमेकींना बिलगून राहतात. रक्तात साखर चढली की एकीची खूण दुसरीला, दुसरीची तिसरीला, आणि साऱ्या मिळून, एका लयीत, इन्सुलिन सोडतात. एकटीदुकटीच्यानं ते होत नाही. लग्नघरातल्या बायकांसारखंच म्हणा ना!

पण गौतमीच्या अंगातल्या, रोगजंतूंशी लढणाऱ्या राखणदारांनीच या पेशींना वैरी समजून मारायला घेतलं होतं. वैरी बाहेरचा असता तर उज्ज्वला त्याच्या उरावर बसली असती. आता भांडायचं तरी कुणाशी?

मग नवल घडलं. इन्सुलिनच्या सुया सुरू झाल्या, साखर उतरली, मात्रा घटत घटत अगदी नावापुरती उरली. डॉक्टरीणबाई बजावत होत्या, की उरल्यासुरल्या पेशींना जरा विसावा मिळालाय, त्या शेवटचं बळ लावताहेत, सुई सोडू नका. पण ही मेली आशा, ठार बहिरी! उज्ज्वलाला एवढंच ऐकू आलं, की लेक बरी होतेय. तिनं कुणाला न विचारता सुई बंद केली. ताजा, सोनपिवळा, ऊनऊन गूळ लेकीच्या तळव्यावर ठेवला. गौतमी हसली. किती दिवसांनी हसली ती!

आठवडा सरतो न सरतो, तोच पोर उलट्या करत, धापा टाकत दवाखान्यात. जीव वाचला. बेटं मात्र विझली. आज ना उद्या ती जायचीच होती, बाई म्हणाल्या. सुई चालू असती तर अजून थोडी टिकली असती, इतकंच. हे ‘इतकंच’ उज्ज्वलाच्या काळजात रुतून बसलं.

ही बेटं घडली कधी होती हो, तिनं विचारलं. तुमच्याच पोटात, बाई म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यापासून.

तिसरा महिना! तेव्हा उज्ज्वलाला उसाच्या रसाच्या नुसत्या वासानं मळमळायचं. आणि आत, गर्भाच्या गाढ, ऊबदार अंधारात, इवल्याशा नळीच्या काठाकाठानं पेशी उमलत होत्या, सरकत होत्या, गोळा होत होत्या, बेट बांधत होत्या. जन्मल्या तशा राबल्या. घासाघासाला राबल्या. आणि मेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कुणी टिपूसही गाळलं नाही.

उज्ज्वला रडली. घरातलं माणूस गेल्यासारखी, तोंडात पदर कोंबून रडली.

घरी आल्यावर, पहिल्या जेवणाआधी, ती सुई घेऊन लेकीजवळ बसली, तर हातच उचलवेना. गौतमीनं सुई हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

“तू नको बघूस, आई. माझी मी घेते.”

तिनं पोटाची कातडी चिमटीत धरली, ओठ मिटले, आणि टोचून घेतलं.

“दुखलं नाही गं.”

दुखलं होतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. ताटातला भात निवत गेला, निवत गेला. आणि मायलेकी खाली मान घालून त्याच्याकडं बघत राहिल्या.