उसना ढेकर

कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर यायच्या आतच तिने तो ओढून काढला. कोपरा टरकन फाटला. मधला आलेख मात्र शाबूत होता. गेल्या तीस वर्षांत गुरांनी हवेत किती मिथेन सोडला, ते सांगणाऱ्या दोन रेघा: तांबडी शेजारच्या देशाची, निळी आपली. शेजाऱ्यांचे ताजे आकडे दुपारच्या बैठकीत यायचे होते, म्हणून तांबडी मध्येच थांबली होती. निळी मात्र सरळ चालता चालता तीन वर्षांपूर्वी धाडकन खाली आली होती, अंधारात पायरी चुकल्यासारखी.

ती पायरी कुठून आली हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हिशेब साधा होता. गाय रवंथ करते, ढेकर देते, ढेकरातून मिथेन येतो. एका गाईचा गॅस गुणिले एकूण गाई. आपल्याकडे एका गाईचा गॅस कुणी मोजलाच नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं शेजाऱ्यांच्या धिप्पाड गाईंचा आकडा उसना आणून भागवलं. शेवटी तिनेच थोरल्या भावाच्या गोठ्यात मुक्काम ठोकला, गाईंच्या नाकाशी नळ्या बांधल्या आणि आपल्या लहान चणीच्या गाईंचा खरा आकडा काढला. तो बराच कमी निघाला. तिच्या संस्थेने तो त्या वर्षापासून पुढे लावला आणि मागची सगळी वर्षं उसन्या आकड्यावरच ठेवली. गाई त्याच, ढेकरही तेच, गॅस मात्र कागदावर घटला.

दार न वाजवताच ती संचालकांच्या खोलीत शिरली.

"साहेब, मागची वर्षंही नव्या आकड्यानं मोजायला हवीत. मोजली तर रेघ खाली येतच नाही. उलट हळूहळू चढते."

साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. "आकडा तुझाच ना? मग रडतेस कशाला?"

"आकडा खरा आहे. आलेख खोटा आहे."

"हळू बोल जरा. वरचे खूश आहेत. गॅस आपोआप घटतोय, तर सुधारित चाऱ्याची योजना चालवायची कशाला, म्हणतात. गुंडाळताहेत ती."

बिस्किटाचा तुकडा चहात पडला. साहेब चमच्याने तो शोधू लागले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ढेकर खरोखर कमी करील असा तो एकच उपाय होता. त्या चाऱ्याच्या भरवशावरच दादाने आपल्या गाई तिच्या हवाली केल्या होत्या, आणि आता तिच्याच आकड्याने त्याच्या तोंडाला पानं पुसली जात होती.

ती जागेवर येते न येते तोच दादाचा फोन.

"काय गं, चारा कधी येतोय? आमच्या थोरल्या गाईला अजून नळी दिसली की धडकी भरते. एवढं सोसलंय तिनं, तिला तरी काही कळव."

"दादा, बैठक आहे. नंतर बोलते."

"तुझं नंतर म्हणजे नाहीच. लहानपणापासून ओळखतो तुला."

तो हसत होता. तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

बैठकीत समोरच्या मोठ्या पडद्यावर शेजारच्या देशाचे अधिकारी दिसत होते. कडेला तिथल्या मोजणीप्रमुख ताई बसल्या होत्या. मोजणीची यंत्रं त्यांनीच दिली होती. आठवडाभर दादाच्या गोठ्यात राहून, शेणात पाय घसरून दोनदा पडूनही त्यांनी नळ्या बांधायला शिकवलं होतं. आकडा निघाल्यावर तिने हरखून सर्वांत आधी त्यांनाच कळवला होता.

आता पडद्यावर तांबडी रेघ पुढे सरकली आणि निळीसारखीच धाडकन खाली आली. त्याच वर्षी.

दोन्हीकडच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. दोन देशांनी मिळून केवढी मजल मारली म्हणे! तिला वाटलं, यांनी गुरं कमी केली असतील. तिने आकडे पाहिले. गाई वाढल्या होत्या. तिने गॅसला गाईंनी भागलं. उत्तर आलं ते तिला तोंडपाठ होतं, तिचाच आकडा, दशांशासकट. त्या धिप्पाड गाई आता दादाच्या थोरलीचा ढेकर देत होत्या. चोर चोर मावसभाऊ, आणि चोरीचं हत्यार तिच्या घरचं.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "तुमच्या एका गाईचा आकडा कुठून घेतलात?"

"मान्यताप्राप्त मोजणीतून," पलीकडचे साहेब हसले.

ताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. एवढा वेळ त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आता पाहिलं.

"तुझ्या दादाच्या गोठ्यातून," त्या म्हणाल्या. "आमची एक गाय म्हणजे त्याच्या दोन. मी यांना सांगितलं होतं. ऐकलं नाही."

पलीकडे कुणीतरी जोरात खोकलं. इकडे साहेबांनी पडद्याच्या रिमोटसाठी टेबल चाचपलं, कागद उचलून पाहिले, मग तिच्याकडे बघितलं. रिमोट तिच्या मांडीवर होता, दोन्ही हातांखाली.

"बोला ताई," ती म्हणाली. "अगदी पहिल्या वर्षापासून सांगा."