बूराऊवीचं ताट

रमजान संपला, ईदचा चंद्र दिसला आणि ‘सात बिऱ्हाडं’ ही मालिकाही एकदाची संपली. पहिल्या दोन गोष्टींबद्दल आमच्या इमारतीत कुणाचीच तक्रार नव्हती.

ट्यूनिसमध्ये एकोणीस रमजान हाच क्रम चालला होता. रोजा सोडायची तोफ व्हायची, पहिला खजूर तोंडात जायचा आणि शोरब्याचे चमचे वाजत असतानाच पडद्यावर बूराऊवी खोकायचा. बूराऊवी म्हणजे मालिकेतला तळमजल्यावरचा चिडका शिंपी. वरच्या मजल्यावर खदूजा नावाची विधवा. पहिल्या वर्षी तिने त्याला ताटभर काहीतरी पाठवलं. आलेलं ताट रिकामं परत करायचं नसतं, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. पण बूराऊवीला स्वयंपाक येत नव्हता, म्हणून त्याने ताटात बटणं घालून पाठवली. पुढे एकदा जिवंत कबूतर. एकदा विजेचं बिल. खदूजाने ते मुकाट्याने भरलं, आणि मग साऱ्या देशाला कळलं की हे प्रकरण बटणांवर थांबणारं नाही. एकोणीस वर्षं ताट जिन्यावरून वर-खाली होत राहिलं. दोघांपैकी कुणीही मनातलं बोललं नाही. आम्ही वाट पाहत राहिलो.

शेवटच्या भागात बूराऊवी मुलाकडे मार्सेलला निघाला. बॅग घेऊन जिना चढला, ताट खदूजाच्या उंबऱ्यावर ठेवलं, खोकला, आणि दार न वाजवता उतरून गेला. कॅमेरा ताटावर आला. संगीत. समाप्त.

मी हे बघत होतो समोरच्या बिऱ्हाडात, सी खमैस आणि लल्ला मोंजिया, म्हणजे खमैसराव आणि मोंजियाबाई, यांच्याकडे. एकट्या माणसाने रोजा एकट्याने सोडायचा नाही, असा मोंजियाबाईंचा हुकूम आहे. खमैसने आयुष्यभर मेट्रो चालवली; निवृत्तीनंतर साखरेने त्याचे डोळे नेले. तेव्हापासून मालिकेतले संवाद तो ऐकतो आणि चित्रं मोंजियाबाई सांगतात.

“ताटात काय आहे?” खमैसने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? नीट बघ.”

“बघतेय. रिकामं आहे. तळाचं निळं फूल दिसतंय.”

“चष्मा लावलायस का?”

“नाकावर आहे, कपाळावर नाही.”

“सी मुन्सिफ, तू सांग.”

“रिकामं,” मी म्हणालो.

“तू जन्मभर पेपरात तिरकं लिहिलंस. तुझी साक्ष धरत नाहीत.” त्याने चमचा खाली ठेवला. “बूराऊवी रिकामं ताट ठेवणार नाही. काहीतरी होतं. हिला दिसलं नाही.”

मला वाटलं, रात्रीत त्याच्या डोक्यातून जाईल. दुसऱ्या दिवशी ईद. सकाळी नमाजला निघताना त्याने नव्या सदऱ्यावरून हात फिरवला.

“पांढराच आहे ना?”

“पांढराच,” मोंजियाबाई म्हणाल्या.

तो दाराकडे वळला आणि हळूच म्हणाला, “सी मुन्सिफ, पांढरा आहे?”

मोंजियाबाईंच्या हातात अत्तराची बाटली होती. त्यांनी टोपण लावलं, बाटली फळीवर ठेवली. त्यांचं न बोलणं मला ठाऊक आहे. त्यानंतर काहीतरी घडतं.

दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. “तो आता कडी हाताने चाचपतो. मी लावली म्हटलं तरी.”

“सांगून टाका ना, मिठाई होती म्हणून, मकरूद. म्हणा, मी पुन्हा बघितलं, कोपऱ्यात होते. काय बिघडतं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी अख्खा संपादकीय लेख मागे घेतला असता. “रोज सकाळी मी त्याच्या हातावर गोळ्या ठेवते. कुठली कशाची ते तो विचारत नाही, गिळतो. आणि मी त्याला ताटाबद्दल थाप मारू? ज्याने ताट ठेवलं त्याच्याच तोंडून वदवते. गाडीत पेट्रोल आहे का?”

“मालिकेचा दिग्दर्शक मला ओळखतसुद्धा नाही.”

“ईद आहे. दारात आलेल्याला कोण हाकलतंय?”

तर ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ला मार्साला, समुद्राकाठच्या उपनगरात, दिग्दर्शक सी रौफच्या दिवाणखान्यात. मोंजियाबाईंच्या मांडीवर घरच्या मिठाईचा डबा. समोर रौफ, आणि कोपऱ्यात त्याचा पाहुणा, एक गुळगुळीत दाढी केलेला सभ्य गृहस्थ. तो खोकला तेव्हा मला कळलं, हा लमीन, म्हणजेच आपला बूराऊवी. खोट्या मिशा काढल्या की माणूस अगदी बँकेतला दिसतो.

“ताट रिकामं का?” मोंजियाबाईंनी अजून कॉफीला हातही लावला नव्हता.

रौफला हा प्रश्न आवडला. त्याच दिवशी एका समीक्षकाने त्या ताटावर अर्धं पान लिहिलं होतं. एवढं भरीव काही मी भरल्या ताटाबद्दलही वाचलेलं नाही. “खाला,” तो म्हणाला, “ते रिकामेपण आपल्या काळाचं आहे.”

“माझ्या काळात ताटं भरलेली असायची.”

“म्हणजे असं, प्रेक्षकाने ते आपल्या मनाने भरायचं.”

“माझ्या नवऱ्याने भरलं ना! त्याला दिसत नाही, मी सांगते ते तो बघतो. त्याने मनाने ताट भरलं आणि आता म्हणतो, हिलाच दिसेनासं झालं. कडी चाचपतो माझ्या मागे. सांगा, काय होतं ताटात?”

रौफ छताकडे बघू लागला. छतावर काही नव्हतं. लमीन पुन्हा खोकला.

“रौफ, सांगून टाक बाबा. ईदचा दिवस आहे.”

“काय सांगायचं त्यात...”

“मी सांगतो, खाला. ताट भरलेलं होतं. मकरूद, खजूर भरलेले, मधात बुडवलेले. गोष्टीत बूराऊवीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काहीतरी रांधलं होतं, खदूजासाठी. मकरूद माझ्या आईने केले होते. पण रमजान संपत आला तरी आमचं चित्रीकरण चालूच. शेवटचं दृश्य, उजेड चाललेला, सगळ्यांना रोजा. दोनदा जिना चढलो, दोनदा दिवा फडफडला. तिसऱ्यांदा ताट ठेवलं आणि तोफ झाली.”

“मग?”

“मग काय. दिवेवाले, आवाजवाले, मेकअपच्या बाई, सगळे त्या ताटावर.”

“पहिला हात कुणाचा?”

लमीनने मान खाली घातली. “माझा.”

“पाणी पिऊन बघतो तर ताट चाटून पुसून लख्ख,” रौफ म्हणाला. “आणि भाग दुसऱ्या संध्याकाळी दाखवायचा होता. मी म्हटलं, असंच घ्या.”

“आणि आपल्या काळाचं रिकामेपण?” मी विचारलं.

“ते मुलाखतीत सुचलं.”

मोंजियाबाईंनी कॉफीचा कप उचलला, सावकाश संपवला. “म्हणजे रिकामंच होतं. माझे डोळे ठीक आहेत.”

मी किल्ल्या काढल्या. माझ्या मते काम झालं होतं. त्या मात्र हलल्या नाहीत.

“आता हे त्याला तुम्ही येऊन सांगायचं, लमीन. आणि ताट घेऊन यायचं. भरलेलं.”

“पण खाला, मालिका संपली,” रौफ म्हणाला.

“तुमची.”

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं बसलो होतो. खमैस नुकताच उठून खिडकी बंद आहे का ते चाचपून आला होता. जिन्यावर पावलं वाजली. दाराबाहेर कुणीतरी खोकलं.

खमैस सरळ बसला. “बूराऊवी,” तो म्हणाला. “मार्सेलला नाही गेला?”

लमीन आत आला. मिशा लावल्या नव्हत्या, पण त्याची काही गरज नव्हती. त्याने खमैसच्या मांडीवर मालिकेतलंच ताट ठेवलं आणि समोर बसून, मध्ये खोकत, सगळं सांगितलं. आईचे मकरूद, दोनदा फडफडलेला दिवा, तोफ, पहिला हात.

“तूच खाल्लेस?”

“मीच.”

खमैसचे खांदे हसण्याने हलायला लागले, आणि ताटातला मध सांडू नये म्हणून मोंजियाबाईंना ते धरावं लागलं. “खदूजासाठी केलेले! एकोणीस वर्षांनी! आणि तूच...” डोळे पुसून त्याने एक मकरूद उचलला, चावला. “तुझ्या आईला सांग, रवा थोडा जाड राहिलाय.”

“सांगतो.”

मग तो बायकोकडे वळला. “म्हणजे त्या दिवशी ताट रिकामंच होतं.”

“होतं.”

“तळाचं फूलही होतं?”

“होतं.”

“हं.” त्याने आणखी एक मकरूद घेतला. “लमीन, तू बस. ताट रिकामं नाही न्यायचं. मोंजिया, घरात काय आहे?”

“बदामाचे लाडू आहेत. माझ्या शिवणाच्या डब्यात बटणंही आहेत.”

“दोन्ही घाल. ताट कसं आहे ते नाही सांगितलंस.”

“पांढरं. काठ निळा. एका जागी टवका उडालाय, तुझ्या अंगठ्याजवळच.”

टवका होता, मी पाहिला. खमैसचा अंगठा काठावर तिथेच, अगदी बोटभर अंतरावर होता. चाचपून बघायला त्याने तो हलवला नाही.

“असू दे,” तो म्हणाला. “एवढ्या वर्षांत टवका उडणारच.”