कलिंगडाच्या बियांचं पेटंट

हिंजवडीच्या ऑफिसात मला पगार मिळतो तो दुसऱ्यांच्या पेटंटांत खोट काढण्याबद्दल. अमेरिकेत किंवा जर्मनीत कुणी काही नवं शोधून काढलं, की तेच त्याच्याआधी जगाच्या पाठीवर कुणी कुठे सांगून ठेवलंय का, हे आम्ही कॉम्प्युटरवर धुंडाळतो. सापडलं की पेटंट संपलं. शेजारच्या खुर्चीवरची सृष्टी मला विचारते, "मॅम, तुम्हाला एवढं पटकन कसं क्लिक होतं?" मी म्हणते, वयामुळे. खरं कारण असं की माझं स्वतःचं पेटंट याच पायी गेलं, आणि ज्या संध्याकाळी ते गेलं तिच्याइतकी गोड संध्याकाळ मला पुन्हा मिळाली नाही.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझे मार्गदर्शक आठल्ये सर. चुकीचं विधान कानावर पडलं, की ते दुरुस्त केल्याशिवाय सरांना अन्न गोड लागत नसे. एका समारंभात त्यांनी व्यासपीठावरच्या बड्या पाहुण्यांना मध्येच थांबवून पाण्याचा उत्कलनबिंदू समजावून दिला होता. हे पाहुणे पुढे आमच्या अनुदानाच्या समितीवर आले. त्यामुळे आमच्या प्रयोगशाळेला नवा फ्रीज काही मिळाला नाही, आणि जुना होता तो फक्त आवाज करायचा.

माझा शोध लागला तो या फ्रीजच्या कृपेने. दुधात युरिया मिसळायचा धंदा तेव्हा जोरात होता. कलिंगडाच्या बियांच्या अर्कात युरिया फोडणारं एक द्रव्य असतं, आणि फोडल्यावर जे सुटतं त्याने हळद लाल होते. हे पुस्तकांत आधीपासून होतंच. अडचण एवढीच की फ्रीजबाहेर ठेवलेला अर्क पाहता पाहता निकामी व्हायचा. आमचा तर फ्रीजमध्ये ठेवलेलाही व्हायचा. शेवटी वैतागून मी तो तांदळाच्या पेजेत कालवला, हळद घातली, कागदाच्या पट्ट्यांना लावला आणि पट्ट्या सावलीत वाळवल्या. त्या ड्रॉवरमध्ये महिनोन् महिने जिवंत राहिल्या. युरियाच्या दुधात बुडवली की पिवळी पट्टी कुंकवासारखी लाल व्हायची. पेज आणि सावली, नवं होतं ते एवढंच. उन्हात वाळवल्या तर निम्म्या पट्ट्या मरत.

घरी यातलं कुणाला काही कळत नव्हतं. कसबा पेठेत आमच्या अब्बांचं कल्हईचं दुकान. रज्जाक कल्हईवाले म्हटलं की सगळी पेठ ओळखायची, पण स्टील आलं आणि कल्हई गेली. अब्बा दुकान उघडून पेपर वाचत बसायचे. गिऱ्हाइकाने मुलगी काय करते असं विचारलं तर सांगायचे, अजून शाळेतच आहे. मला त्याचा राग यायचा. सव्वीस वर्षांच्या बाईला शाळेत बसवलं की कुणालाही येईल.

त्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतल्या ज्ञानवर्धक मंडळाच्या व्याख्यानमालेतला एक वक्ता आयत्या वेळी आजारी पडला. सरांनी परस्पर माझं नाव दिलं. विज्ञान मराठीतून सांगता येत नसेल तर ते आपल्याला समजलेलंच नाही, असं सरांचं मत होतं, आणि ते सिद्ध करायला मी आयती सापडले. मी नाही म्हणून पाहिलं. सरांनी ते ऐकलंच नाही.

पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे व्याख्यान हे निमित्त असतं. लोक येतात ते नंतरच्या प्रश्नांसाठी. वक्त्याने तासभर काहीही बोलावं, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नसतं. पण प्रश्नाला बगल दिली तर त्याची नातवंडं त्या रस्त्याने गेली तरी लोक म्हणतील, यांच्या आजोबांना उत्तर आलं नव्हतं. आणि या प्रश्नकर्त्यांचे मुकुटमणी म्हणजे मंडळाचे कार्यवाह आप्पासाहेब. निवृत्त मुख्याध्यापक, धोतर-कोट, पहिल्या रांगेतली कोपऱ्यातली खुर्ची कायमची त्यांची. ऐकलेलं व्याख्यान ते दहा वर्षांनी जसंच्या तसं म्हणून दाखवत.

मी जाहिरातीतच सांगून ठेवलं होतं, की येताना घरचं थोडं दूध आणा. लोकांनी आणलं. वाटी, पेला, झाकणाची बरणी, एकीने तर तान्ह्या नातवाची बाटलीच आणली. अब्बा आणि अम्मी दाराशी उभे होते, त्यांना आप्पासाहेबांनी पुढे आणून बसवलं. मी एकेकाच्या दुधात पट्टी बुडवत गेले. पिवळी, पिवळी, पिवळी आणि मग एक लालभडक. त्या दुधाचे मालक शांतपणे उठले, पायात चपला घातल्या आणि आपल्या गवळ्याकडे निघून गेले. सभागृह असं हसलं की मला भीतीच वाटेनाशी झाली.

मग आप्पासाहेब उठले. म्हणाले, "हे उत्तम. पण करायचं कसं, ते सांग."

मी सरांकडे पाहिलं. सरांनी होकारार्थी मान हलवली. मी सगळं सांगितलं. बिया किती घ्यायच्या, पेज किती पातळ ठेवायची, हळद कधी घालायची. पट्ट्या सावलीत वाळवायच्या, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगितलं. नेमकी तेव्हाच शेजारच्या खुर्चीतल्या सुशीलाबाईंची दुधाची वाटी आप्पासाहेबांच्या धोतरावर कलंडली आणि पहिल्या रांगेत थोडी धांदल उडाली.

घरी जाताना लक्ष्मी रस्त्यावर अब्बा थांबले. मग म्हणाले, "अब समझा बेटा, तू करती क्या है." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला ते युरिया समजावून देत होते. तेही चूक समजावत होते, पण मला त्याचं काही वाटलं नाही. आजही ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आली की हातातलं काम थांबतं. कधीकाळी आपलं सगळंच्या सगळं कुणालातरी कळलं होतं, हे आठवून.

पुढे पावसाळ्यात अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द झाल्याची बातमी आली आणि सगळ्या देशाला पेटंटचा ताप चढला. विद्यापीठातही पेटंट कक्ष निघाला, म्हणजे एक टेबल आणि एक पाटी. आमच्याकडे काही आहे का, अशी विचारणा झाली आणि सरांनी माझ्या पट्ट्या दिल्या. त्या करण्याच्या रीतीवर माझ्या नावाने अर्ज गेला. आधी कुठे जाहीर केलंय का, असं त्यात विचारलं होतं. सरांनी आणि मी एकमुखाने सांगितलं, नाही. आम्ही खोटं बोललो नाही. जाहीर करणं म्हणजे परदेशी नियतकालिकात छापणं, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. सदाशिव पेठेत मराठीतून सांगितलेलं जगाला सांगितल्यासारखं धरतात, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. जगाने सदाशिव पेठेला इतकं महत्त्व दिल्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग असावा, आणि तो आमच्या मुळावर आला.

पेटंट आलं असतं तर माझं आयुष्य ठरल्यासारखं होतं. भोसरीचे एक कारखानदार विश्रांतवाडीला पट्ट्यांचा छोटा कारखाना काढायला तयार होते आणि तिथली प्रयोगशाळा माझ्याकडे देणार होते. त्यांची अट एकच, आधी पेटंट. माझ्याबरोबरच्या पोरी एकेक करून कॉम्प्युटरच्या क्लासला लागल्या, कुणी बंगलोरला, कुणी थेट न्यू जर्सीला गेल्या. माझा भाऊ नबील घरी क्लासची पत्रकं आणून ठेवायचा. मी त्यांचे बोळे करून टाकायचे. मला त्या पट्ट्या करायच्या होत्या, दुसरं काहीही नको होतं. अशी काही वर्षं गेली.

आणि अर्ज मंजुरीला आला तेव्हा एका बाहेरच्या कंपनीने हरकत घेतली. हे आधीच जाहीर झालेलं आहे, असं तिचं म्हणणं. पुरावा म्हणून जोडलं होतं आप्पासाहेबांचं प्रतिज्ञापत्र.

झालं होतं असं. कंपनीचा माणूस आप्पासाहेबांकडे गेला. अतिशय आदबीने त्याने विचारलं, की शाइस्ताबाईंच्या पेटंटचं काम चालू आहे, त्यांचं व्याख्यान आपल्याला आठवतं का? आठवतं का म्हणजे? आप्पासाहेबांनी अख्खी कृती म्हणून दाखवली. इतकं स्वच्छ सांगितलं होतं पोरीने, की मी आजही घरी पट्ट्या करतो, आळीतली माणसं दूध तपासून नेतात, हेही सांगितलं. हे लिहून द्याल का? का नाही? आप्पासाहेबांना वाटलं, पोरीच्या पेटंटसाठी शिफारसपत्रच देतो आहोत. मजकुरातल्या इंग्रजीच्या चुका त्यांनी स्वतः सुधारल्या आणि ठसठशीत सही केली.

मुंबईच्या पेटंट कार्यालयात सुनावणी होती. विद्यापीठाचे वकील हिंदुराव शितोळे, सर आणि मी पोहोचलो, तर बाहेरच्या बाकावर इस्त्रीच्या कोटात आप्पासाहेब. कुणी बोलावलं नव्हतं. पहाटेची एशियाड पकडून एकटेच आले होते. म्हणाले, "म्हटलं, काही विचारलंन् त्यांनी तर असावं जवळ." त्या वयात, त्या उकाड्यात, माझ्यासाठी. मी वाकून नमस्कार केला, कारण तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती.

आत जायच्या आधी शितोळे वकिलांनी मला बाजूला घेतलं. प्रतिज्ञापत्रात त्यांना एक फट सापडली होती. आप्पासाहेबांनी लिहिलं होतं, पट्ट्या उन्हात वाळवाव्यात. म्हणजे सावलीचं जाहीर झालंच नाही. नवं जे काही आहे ते सुरक्षित आहे. आत अधिकारी विचारतील तेव्हा एवढंच म्हणायचं, की वाळवण्याबद्दल मी तेव्हा बोलले नव्हते. "बाकी मी बघतो. म्हाताऱ्याला नीट समजलं नव्हतं, एवढं ठरलं की पेटंट तुमचं."

आतली खोली लहान होती, आप्पासाहेब बाहेरच राहिले. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. वक्त्या तरुणीने संपूर्ण कृती अत्यंत सुबोध रीतीने विशद केली. इतकं चांगलं माझ्याविषयी कुणी कधी लिहिलं नव्हतं, आणि ते लिहिलं गेलं होतं माझ्याविरुद्धच्या कागदात.

मग अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाई, वाळवण्याचं त्या दिवशी सांगितलं होतंत का? उन्हात की सावलीत?"

मला विश्रांतवाडी दिसत होती. शेड, टेबलं, पट्ट्यांचे ताव, माझा पांढरा कोट. आणि दिसत होते पहिल्या रांगेत अवघडून बसलेले अब्बा. त्या संध्याकाळी मी लोकांना अर्धवट सांगितलं होतं, आप्पासाहेबांना नीट समजलं नव्हतं, असं आता सरकारी कागदावर लिहून घ्यायचं, आणि त्याच्या बदल्यात कारखाना. नाही जमलं. तत्त्व वगैरे काही नव्हतं. माझ्या आयुष्यातलं ते एकच व्याख्यान होतं आणि ते मी चांगलं दिलं होतं.

"सावलीत," मी म्हटलं. "तेव्हाही सावलीतच सांगितलं होतं."

शितोळे वकिलांनी पेनाचं टोपण लावलं. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि हळूच सांगितलं, की मग हे टिकायचं नाही, आदेश पोस्टाने येईल. सरांनी टेबलाखाली माझा हात दाबला. ते माझे वडील नव्हते, आणि असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं.

बाहेर आलो. आप्पासाहेब उठून उभे राहिले. डोळ्यांत इतकी आशा, की पाहवेना.

"मग? मिळालं?"

शितोळे तोंड उघडणार, तेवढ्यात सर पुढे झाले. बड्या पाहुण्यांनाही न सोडणारे आमचे सर. "मिळालं, आप्पासाहेब," ते म्हणाले. "तुमचा कागद फार उपयोगी पडला."

आप्पासाहेबांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि आधी डोळे, मग चष्मा पुसला. मंडळात सत्कार करायचा, शाल मी देणार, तिच्या वडिलांना पहिल्या रांगेत बसवायचं, असं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग खिशातून घरी केलेल्या पट्ट्यांची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. निम्म्या पट्ट्या मेलेल्या होत्या, हे मला बघताच कळलं.

"यातल्या काही चालत नाहीत," ते जरा ओशाळून म्हणाले. "बिया जुन्या असतील."

"बिया चांगल्या आहेत, आप्पासाहेब. फक्त सावलीत वाळवत जा."

ते थांबले. कपाळाला आठी घालून त्यांनी आठवून पाहिलं. "सावलीत? हे तू तेव्हा सांगितलं नव्हतंस हो. मी पहिल्या रांगेत होतो."

शितोळे वकील माझ्याकडे बघतच राहिले. सर खिडकीबाहेर बघत होते.

"हो," मी म्हटलं, "राहून गेलं असेल माझ्याकडून."